अमेरिकेत डेटिंग: वंशाचा किती फरक पडतो आणि आपल्या हातात काय आहे

अमेरिकेतल्या देसी पोरांमधे हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते रेसिझम वगैरे सगळी कारणं आहेत, जिमला जा, आपोआप होईल. दुसरी म्हणते तू ब्राऊन आहेस ना, मग विषय संपला, डेटिंग अ‍ॅप डिलीट कर आणि झोप. दोघंही अर्धंच खरं बोलतायत आणि अर्ध्या माहितीवर काही करायला गेलं की वाट लागते, म्हणून आधी आकडे बघू.

ओकेक्युपिड या डेटिंग साइटने 2014 मधे आपल्याच युजर्सचा डेटा काढला होता. त्यात एशियन आणि ब्लॅक पुरुषांना दुसऱ्या वंशाच्या बायकांकडून सरासरीपेक्षा कमी रेटिंग मिळत होतं. म्हणजे तुला जे जाणवतं ते मनाचे खेळ नाहीत. प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या सर्वेक्षण संस्थेचे आकडेही बघ (त्यात भारतीयही एशियनमधेच मोजतात), 2015 मधे नवीन लग्न झालेल्या एशियन बायकांपैकी 36 टक्क्यांनी वंशाबाहेर लग्न केलं होतं, पुरुषांमधे तेच 21 टक्के. आता त्याच रिपोर्टमधला हा आकडा कोणी सांगत नाही: अमेरिकेत जन्मलेल्या एशियन लोकांमधे हे प्रमाण 46 टक्के आणि बाहेरून आलेल्यांमधे 24. चेहरामोहरा तोच, कातडी तीच, तरी जवळपास दुप्पट फरक. अर्थात बाहेरून आलेले बरेचजण आपल्याच माणसांत लग्न ठरवतात, त्यामुळे हा सगळा फरक नकाराचा नाही. पण मित्रपरिवार, बोलण्याची सवय, तिथल्या लोकांत मिसळणं याचाही वाटा असणारच आणि यातलं बरंचसं बदलता येतं.

मग एशियन पुरुष म्हणजे बाईला न आवडणारा, ही इमेज आली कुठून? 1915 च्या आसपास हॉलिवूडमधे सेस्यू हायाकावा नावाचा जपानी नट चक्क हार्टथ्रॉब होता, बायका त्याच्यावर फिदा होत्या. म्हणजे एशियन पुरुष मुळातच कोणाला आवडत नाहीत ही थिअरी तिथेच बाद होते. पुढे 1934 पासून हेज कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं याचे हॉलिवूडचे नियम, कडक लागू झाला, गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला त्यात बंदीच होती आणि स्टुडिओ गोऱ्या-एशियन जोड्यांबाबतही हात आखडता घ्यायचे. 1984 च्या एका टीनएज कॉमेडीत एशियन पोरगा दिसला की मागे घंटा वाजायची, तेवढाच त्याचा रोल. सिम्पसन्स या कार्टून सिरियलमधला भारतीय दुकानदार अपू 1990 पासून, त्याला आवाज गोऱ्या हँक अझारियाचा, तो त्याने 2020 मधे सोडला. आणि बिग बँग थिअरी या कॉमेडी सिरियलमधला भारतीय राज तर पहिले सहा सीझन दारू पोटात गेल्याशिवाय बाईशी बोलूच शकायचा नाही! कोट्यवधी लोकांनी देसी पुरुष म्हणून हे पाहिलंय, तुझा फोटो समोर आला की अर्ध्या सेकंदात डोक्यात तेच येतं. आता चित्र थोडं बदलतंय, देव पटेल, हेन्री गोल्डिंग हिरो म्हणून दिसतात, पण त्यांच्या भरवशावर बसून राहू नकोस.

पूर्वग्रहाची ताकद सगळ्यात जास्त कुठे चालते, तर जिथे समोरच्याकडे फोटो आणि वय सोडून काहीच माहिती नाही तिथे. अ‍ॅपवर नेमकं तेच आहे, वर तिथे पुरुष बायकांपेक्षा जास्त, म्हणजे गोऱ्या पोरांनाही मॅच (दोघांनी एकमेकांना पसंत केलं की जुळणारी जोडी) कमीच मिळतात. त्यामुळे अ‍ॅपवरच्या मॅचच्या संख्येवरून स्वतःची किंमत ठरवणं बंद कर. 2015 मधे जोडप्यांवर एक अभ्यास झाला होता, त्यात जे लोक डेटिंगच्या आधी बराच काळ एकमेकांना ओळखत होते त्यांच्यात दोघंही सारखेच देखणे असण्याचं प्रमाण कमी सापडलं. सरळ अर्थ असा की ओळख वाढली की पहिलं रूप मागे पडतं. म्हणून तुझ्या वेळेतला मोठा भाग अशा ठिकाणी घाल जिथे तीच माणसं दर आठवड्याला भेटतात: क्लाइंबिंग, इम्प्रोव्ह (आयत्या वेळी सुचेल तसं नाटक) क्लास, रनिंग क्लब, व्हॉलंटिअरिंग, काहीही. फक्त ज्यात तुला खरंच रस आहे तेच निवड, मुली शोधायला आलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला ओळखू येतो. आणि दोनतीन महिने टिकून राहा, एकदा जाऊन "काही होत नाही" म्हणू नकोस.

अ‍ॅप वापरायचंच असेल तर प्रोफाइल नीट कर. देसी पोरांची टिपिकल प्रोफाइल म्हणजे गाडीत गॉगल घालून सेल्फी, सहा मित्रांचा ग्रुप फोटो ज्यात तू कोण ते कळत नाही, कंपनीचं आयडी कार्ड गळ्यात, आणि बायोमधे "लव्ह ट्रॅव्हल अँड फूड". हे सगळं काढ. दिवसाच्या उजेडातला, दुसऱ्याने काढलेला, चेहरा स्पष्ट दिसणारा एक फोटो, एक पूर्ण उंचीचा अंगाला बसणाऱ्या कपड्यांत, एक काहीतरी करताना. बायोत एकच ठोस गोष्ट जिच्यावर प्रश्न विचारता येईल, उदाहरणार्थ "जुने रेडिओ दुरुस्त करतो, सध्या एक फक्त पावसातच चालतो". यावर रिप्लाय येतो, "लव्ह ट्रॅव्हल"वर कोण काय बोलणार? आणि पहिल्या डेटवर स्वतःच्या अ‍ॅक्सेंटवर, आईवर, इंजिनिअर असण्यावर जोक मारू नकोस. हशा मिळतो, पण त्या सिरियलमधलं पात्र तू स्वतःच जिवंत करतोस.

जिम, झोप, कपडे, केस याबद्दल जास्त बोलत नाही, कर एवढंच.

आता एक नावडती गोष्ट. तुझे स्वतःचे फिल्टर बघ. फक्त गोऱ्या मुलींना राइट स्वाइप (पसंत) करायचं, सावळ्या देसी आणि ब्लॅक मुलींना न बघता डावीकडे ढकलायचं आणि मग रात्री रेसिझमवर रडायचं हे आपल्यात भयंकर चालतं. ओकेक्युपिडच्या त्याच डेटात ब्लॅक बायकांना बहुतेक सगळ्या वंशांच्या पुरुषांनी कमी रेटिंग दिलं होतं, आपण त्यांच्यापेक्षा वेगळे आहोत असं समजू नकोस.

कोणी म्हणालीच की "मी सहसा इंडियन मुलांना डेट करत नाही, पण तू वेगळा आहेस", तर खूश होऊन थँक यू म्हणू नकोस. हसून विचार, "कशापेक्षा वेगळा?" आणि गप्प बस. विचारात पडून नीट बोलली तर पुढे जायला हरकत नाही, आणखी चार ठोकळेबाज गोष्टी ऐकवल्या तर कॉफी संपव आणि निघ. आणि चॅटवर कोणी थेट वंशावरून घाण बोललं तर वाद घालत बसायचं नाही, आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग अनमॅच (जुळलेली जोडी तोडणं), याच क्रमाने कर, कारण बऱ्याच अ‍ॅपवर अनमॅच केलं की चॅट गायब होतं आणि मग दाखवायला काही उरत नाही.