घोट्यावरचा काळा डाग आणि न थांबणारी खाज: आधी शिरांकडे बघा

माझे मामा पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात ३५ वर्षं काउंटरमागे उभे होते. निवृत्त झाल्यावर डाव्या पायाच्या घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, चहा सांडून वाळावा तसा तपकिरी डाग दिसायला लागला. मग खाज, मग पापुद्रे. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने लांबूनच बघून "गजकर्ण आहे" म्हणत ट्यूब हातात ठेवली. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोन वर्षं अशीच गेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

हे होतं शिरांचं इसब (एक्झिमा). दुखणं कातडीवर दिसत होतं, पण बिघाड शिरांमध्ये होता. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरी करते. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि शिरांमधल्या झडपा वर गेलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं असताना घोट्यापाशी शिरांतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो. निरोगी पायात चालायला लागलं की तो ३०च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो फारसा उतरत नाही. मग बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. पाण्याने सूज येते आणि पेशी फुटून त्यांतलं लोह कातडीत साठतं. तोच तो डाग. वजरीने कितीही घासा, जाणार नाही.

पहिलं काम: संध्याकाळी पाय उजेडात बघा

सकाळी पाय फसवतात, कारण रात्रभर आडवे असतात. दिवसभराच्या कामानंतर नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर सूज आहे. फुगलेल्या हिरव्या-निळ्या शिरा, घोट्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, कोरडी खाजरी कातडी, तपकिरी डाग, यातलं दोन-तीन एकत्र असेल तर शिरांचा संशय घ्या. पुढच्या टप्प्यात घोट्यावरची कातडी चामड्यासारखी कडक होते आणि पाय खाली बारीक, वर जाड दिसतो. फुगलेली शीर वरून दिसलीच पाहिजे असं मात्र नाही. मामांच्या पायावर एकही दिसत नव्हती.

गजकर्णाला बहुधा गोल, उठावदार कडा असते आणि मधला भाग निवळत जातो. शिरांच्या इसबाला अशी कडा नसते.

दुसरं: डॉपलर करून घ्या

त्वचारोगतज्ज्ञ किंवा रक्तवाहिन्यांचे सर्जन, कोणाकडेही सुरुवात करा. ससून रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीतही दाखवता येतं, फक्त सकाळी लवकर जा. पायाच्या शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी कलर डॉपलर सोनोग्राफी उभं करून करतात, कारण झडप गळते का ते तेव्हाच नीट कळतं. त्यातच शुद्ध रक्ताच्या धमन्याही तपासायला सांगा. हे मधुमेह्यांनी आणि तंबाखू-सिगारेटवाल्यांनी टाळूच नये. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.८ पटीपेक्षा कमी असेल, तर खाली सांगितलेले घट्ट मोजे स्वतःच्या मनाने घालणं धोक्याचं आहे. आधीच कमी रक्त पोहोचणारा पाय आणखी आवळला जातो. हृदय कमजोर असेल तरीही डॉक्टरांना विचारूनच.

रोज कोणत्या गोळ्या घेता तेही सांगा. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने घोटे सुजतात आणि ती सूज शिरांच्या खात्यावर मांडली जाते.

तिसरं: मोजे. खरा इलाज इथे आहे

मोजे दाखवल्यावर मामा म्हणाले, "हे बायकी मोजे मी घालू?" आता त्यांच्याशिवाय बाहेर पडत नाहीत. हे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर सैल होत जातात. दाब किती हवा ते डॉक्टर लिहून देतात, साधारण २० ते ३० मिलिमीटर पारा. "मीडियम द्या" म्हणून घेऊ नका. सूज चढण्याआधी, सकाळी, घोट्याचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी टेपने मोजा. बहुतेक इसबाला गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो.

मोजा चढवायचा तो अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी. आम्ही असं करतो: मोजा टाचेपर्यंत आतून बाहेर उलटायचा, पावलात घालायचा, टाच जागेवर बसली की उरलेला वर सरकवायचा. बोटांनी खेचायचा नाही, नखं लागून फाटतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड बसते, मग तळव्याने वर चोळत न्यायचा. सुरकुती ठेवायची नाही. वरची कड दुमडायची तर अजिबात नाही, तिथे दोरी बांधल्यासारखं आवळतं. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखायला लागली तर लगेच काढा. रात्री झोपताना काढायचाच.

एप्रिल-मेच्या पुण्यात हे घालणं शिक्षा वाटते, मान्य आहे. तरी निदान उभं राहायच्या वेळात तरी घाला. दोन जोड घ्या, साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. सहा महिन्यांत लवचीकता जाते, तेव्हा बदला.

कातडीची निगा

कढत पाण्याने आंघोळ नको, कोमट पुरे. ओल्या कातडीवर बिनवासाची पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनचं मलम भरपूर लावा, केसांच्या दिशेने, रात्री. सकाळी मोज्याआधी लावलं तर इलॅस्टिक लवकर खराब होतं. दिवाळीचं उटणं, लिंबू, हळद, वासाचं तेल या पायाला लावू नका. ही कातडी पटकन बिथरते. निओमायसिन हे अँटिबायोटिक असलेल्या मलमांची ॲलर्जी अशा पायांत बरीच दिसते, मग बरं करायला लावलेलंच इसब वाढवतं. स्टेरॉइडचं मलम डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात, तेवढेच दिवस लावा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 'सगळ्यावर एकच' ट्यूबा बंद, म्हणजे बंद. मामांच्या दोन वर्षांचा हिशेब तिथेच आहे.

बसणं, उठणं, चालणं

उभ्याचं काम असेल तर तासातून दोनदा टाचा उचलून २० वेळा खालीवर करा. बसचा कंडक्टर, वर्गातला मास्तर, चौकातला पोलीस, कोणालाही जमेल. रोज चाला, सारसबागेत चार फेऱ्या मारल्या तरी पुष्कळ. दुपारी अर्धा तास पाय हृदयापेक्षा उंच ठेवून पडा. उशी गुडघ्याखाली नको, पोटरीपासून टाचेपर्यंत हवी. खुर्चीसमोर स्टूल ठेवणं याला उंच ठेवणं म्हणत नाहीत.

झडप नक्की गळत असेल तर लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा फोमचं इंजेक्शन देऊन ती शीर बंद करता येते. बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. जखम झालेली असेल तर ही शस्त्रक्रिया लांबवू नका.

ताबडतोब दवाखाना गाठा, जर...

एकच पोटरी अचानक सुजली आणि दुखायला लागली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. सोबत धाप किंवा छातीत कळ असेल तर १०८ला फोन करा. एकच पाय लाल, गरम, हात लावू न देणारा आणि अंगात ताप, हे जंतुसंसर्गाचं लक्षण. घोट्याच्या आतल्या बाजूची लहानशी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर घरी ड्रेसिंग करत बसू नका. आणि शीर फुटून रक्त उडालं तर घाबरून उभे राहू नका. आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. मध्ये उचलून बघायचं नाही.

मामांची खाज दीड महिन्यात गेली. डाग थोडा फिका झालाय, पूर्ण जाईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.