टूल स्टीलच्या डायला तडा का जातो? या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीत तडा गेलेला पंच किंवा डाय (पत्रा कापायचं हत्यार आणि त्याचा साचा) हातात घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माल खराब आला का?" बहुतेक वेळा माल चांगलाच असतो. चूक भट्टीच्या आधी झालेली असते, नाहीतर भट्टीनंतर.

सगळ्यात महागात पडते ती टेंपरिंग (कडक केलेलं स्टील पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी करणं) उद्यावर ढकलण्याची सवय. इथल्याच एका शॉपमध्ये डी२ या टूल स्टीलची ब्लँकिंग डाय (पत्र्यातून आकार कापणारी) १०२० अंश सेल्सिअसवर हार्डन, म्हणजे कडक केली. संध्याकाळी जॉब बाहेर आला, फाइल (कानस) घसरतेय, म्हणजे कडक झालंय, म्हणून सगळे खूश. टेंपरिंग सकाळी करू म्हणत डाय टेबलावर ठेवली आणि शटर ओढलं. सकाळी डॉवेलच्या (जागा धरणाऱ्या पिनेच्या) भोकापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत रेघ, नख अडकेल एवढी. मिलिंग, ड्रिलिंग, भट्टीचं बिल, सगळं भंगारात. एका रात्रीची दिरंगाई.

क्वेंच झालेलं (तापवून झपाट्याने गार केलेलं) स्टील काचेसारखं ठिसूळ असतं आणि पोटात ताण कोंडलेला असतो. त्याला थांबवून ठेवायचं नसतं. माझी पद्धत साधी आहे: टेंपरिंगची भट्टी आधीच तापवून ठेवायची. जॉब ५०-६० अंशांवर, हाताला सोसेल इतका आला की थेट आत. डी२ असेल तर २०० अंशांच्या आसपास, किमान दोन तास. मग पूर्ण गार होऊ द्यायचा आणि पुन्हा एकदा तेच. दुसरं टेंपरिंग वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांची डायच घालते.

वरच्या डायमध्ये रेघ कोपऱ्यातच का थांबली? कारण कोपरा टोकदार होता. ताण तिथेच गोळा होतो. चालत असेल तिथे किमान १ मिमी रेडियस द्या. "ड्रॉइंगमध्ये नाही" हे कारण नवी पोरं फार लवकर पुढे करतात. पार्टीला फोन करून विचारायला पाच मिनिटं लागतात. कोपरा टोकदारच हवा असेल तर डाय तुकड्यांत करा. आणि स्क्रूचं भोक कडेला चिकटवू नका.

रॅकमधले तुकडे ग्रेड ओळखायचा रंग न लावता ठेवू नका. ओएचएनएसला (तेलात कडक होणारं टूल स्टील) ८०० अंश पुरतात. ते डी२ समजून १०२० ला गेलं तर दाणा जाड होऊन वाया जातं, आणि डी२ ८०० ला कडकच होत नाही. बार कापायचा तो रंग नसलेल्या टोकाकडून.

काळ्या बारची साल पूर्ण उतरवा. खाली कार्बन उडालेला थर राहिला की धार मऊच राहते.

अॅल्युमिनियम डाय कास्टिंगच्या एच१३ ला (गरम कामाचं टूल स्टील) ५४ एचआरसी (कडकपणाचं माप) मागू नका, ४४ ते ४८ पुरे.

शेवटी ग्राइंडिंग. चकाकलेल्या, म्हणजे धार गेलेल्या व्हीलने खोल कट मारला की चांगला हार्डन झालेला जॉबही जळतो. मी आधी व्हील ड्रेस करतो (घासून पुन्हा धारदार करतो), शेवटचे कट मिलिमीटरच्या एका शतांशाचे घेतो आणि कूलंट सुरूच ठेवतो. शंका आली तर डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा लाल रंग) मारून बघा: ग्राइंडिंगच्या दिशेला आडव्या लाल रेघा उठल्या, तर भट्टीवाल्याला फोन करायची गरज नाही.