नागपूरच्या छोट्या संस्थेनं फंड आणायचा कसा, जरा सविस्तर

पहिलेच सांगून टाकतो, तुमच्या पूर्ण कामाला पैसे देणारी एकच कंपनी किंवा एकच सरकारी योजना शोधत बसलात तर वर्षं तिथंच जातील. छोट्या संस्थेचा फंड तुकड्या-तुकड्यानंच जमते. पंखे एक जण देते, भाडं दुसरे देतात, पुस्तकं तिसरीकडून येतात. म्हणून आधी कोण देते ते नका पाहू, आधी आपला खर्च एका कागदावर मांडा, आणि मंग प्रत्येक ओळीसमोर लिहा की ही ओळ कोणाच्या दारात न्यायची.

उदाहरण घेऊ. समजा मानेवाड्याकडं कुठंतरी ४० पोट्ट्यांची अभ्यासिका आहे, भाड्याच्या दोन खोल्या. भाडं महिन्याचे ६,००० म्हणजे वर्षाचे ७२,०००. वीज सरासरी २,५०० धरली (उन्हाळ्यात कूलर चालतात, कमी धरू नका) तर ३०,०००. सकाळी उघडणाऱ्या आणि रात्री बंद करणाऱ्या ताईंचं मानधन ५,००० नं ६०,०००. पेपर, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं १८,०००. पाणी, झाडलोट, किरकोळ १२,०००. झाले १,९२,०००. याला ४० नं भागा, एका पोट्ट्याला वर्षाला ४,८००, म्हणजे महिन्याला ४०० रुपये. हा ४०० चा आकडा तुमच्या सगळ्या पत्रांत, व्हॉट्सॲप मेसेजमध्ये, तोंडी बोलण्यात आला पाहिजे, कारण "आम्ही गरीब होतकरू विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी झटतो" हे वाक्य समोरच्यानं शंभरदा वाचलेलं असते आणि त्यावरून त्याला चेक किती रुपयांचा फाडायचा ते कळत नाही.

आता यातली भाडं, वीज आणि मानधन ही तीन ओळी कोणालाच द्यायला आवडत नाहीत, कारण त्यावर पाटी लावता येत नाही ना. कंपनीला टेबल-खुर्च्या, आरओ, कूलर, सोलर असं दिसणारं काहीतरी हवं राहते. म्हणून रोजचा खर्च वस्तीतल्या, ओळखीच्या लोकांकडून दरमहा ४००-४०० नं गोळा करायचा, आणि वस्तू मोठ्या दात्याकडून. उलटं करायला गेलात की अडकता, एसी बसते आणि बिल भरायला पैसे नसतात.

आता कागद. मंडळ नुसतंच मंडळ असेल, रजिस्टर नसेल, तर मोठा फंड येत नाही, विषय संपला. आपल्याकडं नेहमीचा रस्ता म्हणजे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी (कमीत कमी सात सभासद) आणि सोबत १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे धर्मादायकडं. सोसायटीला जो मिळते त्याला सगळे एफ नंबर म्हणतात, नुसत्या ट्रस्टला ई नंबर. नागपूरला सहधर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे त्यामुळं मुंबईला जायचं काम नाही. आणि फक्त गणपती-दुर्गेची वर्गणी गोळा करायची असेल तर नोंदणी नसलेल्या मंडळालाही कलम ४१ सी ची परवानगी धर्मादायच्या पोर्टलवरून ऑनलाईन काढता येते, ती काढाच.

नोंदणी झाली की लोक फाईल कपाटात ठेवून देतात आणि खरा घोळ तिथून सुरू होते. विश्वस्त बदलले, कोणी वारलं, कोणी पुण्याला गेलं, पण चेंज रिपोर्ट टाकलाच नाही (बदल झाल्यापासून ९० दिवसांत टाकायचा असते). मग कंपनी शेड्यूल १ चा (धर्मादायकडं नोंदलेल्या विश्वस्तांच्या नोंदीचा) ताजा उतारा मागते, उताऱ्यावर अध्यक्ष म्हणून आठ वर्षांपूर्वी गेलेले काका, बँकेत सही दुसऱ्याची, पॅनवर पत्ता तिसराच. एवढ्यावरूनच नाही म्हणतात, काम कितीही चांगलं असो. ऑडिटचंही तसंच, ३१ मार्चला हिशोब बंद करून सहा महिन्यांत ऑडिट करून घ्यायचं, आणि उलाढाल २०,००० ची असली तरी करायचं. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट हे जवळपास सगळेच मागतात, त्यामुळं आज फंड नको असला तरी ऑडिट आजपासून करून ठेवा.

त्याच्यानंतर आयकरचं १२ए (संस्थेला स्वतःच्या उत्पन्नावर कर माफ) आणि ८०जी (देणगीदाराला त्याच्या करात सूट). नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे, कलमांचे नंबर बदलले, पण बाजारात सगळे अजून १२ए, ८०जीच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहून राहिलो. नवीन संस्थेला पहिले तीन वर्षांचं तात्पुरतं मिळते आणि लोक फ्रेम करून भिंतीला लावतात आणि विसरतात. ते संपायच्या सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येते तेव्हा पक्क्या नोंदणीचा अर्ज टाकायचा असते. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, सीएच्या भरवशावर सोडू नका. ८०जी बद्दल देणगीदाराला खोटं आश्वासन देऊ नका, हा माझा आग्रह आहे: २,००० च्या वर रोख दिली तर सूट नाही, वस्तू दिली तर सूट नाही, आणि नव्या टॅक्स रेजीमवाल्याला तर ही सूटच नाही. इतवारीतला व्यापारी हे तुमच्यापेक्षा जास्त जाणते, त्याच्यासमोर चुकीचं बोललात की पुढच्या वर्षी दुकानात उभं करत नाही. देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला ऑनलाईन द्यावी लागते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी, छोट्या संस्थेचं कंबरडंच मोडते.

केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याकडं जायचं असेल तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा आयडी लागते. तो फुकट आहे. "दर्पण काढून देतो, पाच हजार" म्हणणारा भेटला तर चहा पाजा आणि परत पाठवा.

सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्यानं समाजकामावर करायचा खर्च, त्यावर जरा थांबू, कारण सगळ्यांचा डोळा तिथंच असते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागते. म्हणजे बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडवाल्याला हे लागू नाही, अन त्याच्याकडं सीएसआर मागायला गेलं तर तो हसते. ज्यांना लागू आहे त्यांच्याकडं जाताना तुमच्याकडं १२ए, ८०जी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव, आणि सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नंबर पाहिजे. हा फॉर्म २०२१ पासून बंधनकारक आहे, कंपनी खात्याच्या पोर्टलवर भरायचा, पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सीए किंवा सीएसचं (कंपनी सेक्रेटरीचं) सर्टिफिकेशन लागते.

आणि कोणती कंपनी कुठं पैसे टाकते ते आधी पाहा न भाऊ. वेकोलि (कोळशाची सरकारी कंपनी) आणि मॉईल (मँगनीजची सरकारी कंपनी) दोघांचीही मुख्यालयं नागपुरात, म्हणून शहरातली प्रत्येक संस्था तिथं अर्ज टाकते. पण त्यांचं लक्ष खाणींच्या आजूबाजूच्या गावांवर. वेकोलिचं म्हटलं तर उमरेड, सावनेर, कामठी हे पट्टे, मॉईलचं म्हटलं तर मनसर, कांद्री, गुमगाव. तुमची अभ्यासिका मानेवाड्यात असेल तर तुमचा नंबर कितवा लागेल ते समजून घ्या, आणि मनसरजवळ काम असेल तर तेच अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा, तिसऱ्या पानावर नको. कंपनीच्या वेबसाईटवर मंजूर प्रोजेक्टची यादी असते, आणि सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीनं किती खर्च केला तेही दिसते. एक तास द्या, पन्नास आंधळे अर्ज वाचतात.

एक दिवसाचा कार्यक्रम, मॅरेथॉन, सत्कार, बक्षीस वितरण, असल्या गोष्टी सीएसआरमध्ये बसत नाहीत, हे सरकारनं २०१४ च्याच परिपत्रकात सांगितलं आहे, तरी दरवर्षी "आमच्या गुणवंत सत्कार सोहळ्यासाठी सीएसआर मिळावा" अशी पत्रं जातातच. तोच सत्कार वर्षभराच्या अभ्यासिकेचा एक भाग म्हणून मांडा, मंग निदान वाचतात तरी.

वेळ पण महत्त्वाची. बहुतेक कंपन्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, बजेट पहिल्या काही महिन्यांत ठरते. मोठा प्रोजेक्ट असेल तर त्याच्या आधी ओळख झालेली पाहिजे. पण जानेवारी-फेब्रुवारीत उलटी गंमत असते, खर्च न झालेले पैसे ३१ मार्चनंतर वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावे लागतात, त्यामुळं तेव्हा तयार कोटेशन घेऊन बसलेल्या संस्थेला दोन-चार लाखांची वस्तू लवकर मिळून जाते. कोटेशन तयार ठेवा, जीएसटीसकट, तीन दुकानांची.

सरकारी बाजू थोडक्यात. आमदार निधी आणि खासदार निधी दोन्ही वर्षाला पाच-पाच कोटी असतात, पण त्यातून मानधन, भाडं मिळत नाही. बांधकाम किंवा कायमची वस्तू, आणि काम सरकारी यंत्रणेमार्फत, पैसे तुमच्या खात्यात नाही. नगरसेवकाच्या ओळखीनं शिफारस पत्र मिळते, पण जागा कोणाची हा प्रश्न आला की अर्धी प्रकरणं तिथंच बसतात, म्हणून जागेचा कागद आधी. दिव्यांग आणि ज्येष्ठांच्या कामासाठी केंद्राच्या योजना ई-अनुदान पोर्टलवर आहेत, कागद भरपूर लागतात, तीन-चार वर्षं जुन्या संस्थेनंच जावं असं मला वाटते. सांस्कृतिक कामवाल्यांनी सिव्हिल लाईन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडं लक्ष ठेवावं. बायांचा बचत गट ग्रामीण भागात असेल तर ट्रस्ट काढायच्या भानगडीत पडूच नका, सरळ उमेदमध्ये (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) जा, तिथं फिरता निधी मिळते, राज्यानं २०२३ मध्ये तो १५,००० वरून ३०,००० केला, आणि नंतर बँकेचं कर्ज. छोट्या योजना अचानकच निघतात, जसं २०२५ च्या गणेशोत्सवात १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० जाहीर झाले, मुदत कमी होती. म्हणून राज्याच्या वेबसाईटवरचे जीआर आठवड्यातून एकदा कोणीतरी एकानं चाळायचे, मंडळात ज्याला मोबाईल सोडवत नाही त्याला हे काम द्या.

रोटरीचं लोक चुकीचं समजतात. त्यांची ग्लोबल ग्रँट ३०,००० डॉलरच्या खाली नसते, ते आपलं काम नाही. पण क्लबचे स्वतःचे पैसे आणि डिस्ट्रिक्ट ग्रँट यातून आरओ, ई-लर्निंग सेट, शिलाई मशीन होऊन जाते. अर्ज बाहेरून होत नाही, क्लबमार्फतच होते, म्हणून आधी एका मेंबरला शनिवारी संध्याकाळी अभ्यासिकेत आणा आणि भाषण न करता पोट्टे अभ्यास करताना फक्त दाखवा.

परदेशातला पुतण्या डॉलर पाठवतो म्हणते तर थांबा. त्याच्याकडं भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर वेगळी गोष्ट, तिकडचा नागरिक झाला असेल तर एफसीआरए (परदेशी पैसा घ्यायची केंद्राची नोंदणी) लागते, आणि एफसीआरएची नोंदणी तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेल्या संस्थेलाच मिळते. तेवढं होईपर्यंत तो रस्ता सोडा.

अर्ज दोन पानांचा लिहा. काय काम, कुठं, किती जणांसाठी, किती दिवसांपासून, त्यातली कोणती ओळ तुम्ही द्यावी अशी विनंती आहे, बाकीच्या ओळी कोण देऊन राहिलं. ही शेवटची गोष्ट जवळपास कोणी लिहीत नाही. "भाडं वस्तीतले १५ जण दरमहा देतात, आम्हाला फक्त दोन कूलर आणि २० खुर्च्या हव्या" असं वाचलं की समोरच्याला कळते की आपण नाही दिलं तरी हे बंद पडणार नाही, आणि लोक अशालाच देतात.

मध्ये दलाल येतातच. "एक कोटीचा सीएसआर आणतो, आधी प्रोसेसिंगचे वीस हजार द्या" किंवा "चेक घ्या, चाळीस टक्के रोख परत करा". पहिला तुमचे वीस हजार घेऊन गायब होते, दुसऱ्यात संस्थेचे विश्वस्त गुन्ह्यात अडकतात. दोघांनाही नाही म्हणा.

पैसे आले की त्या प्रोजेक्टची वेगळी वही करा, खर्च शक्यतो बँकेतूनच. सीताबर्डीवरून पंखे घेतले आणि बिल अध्यक्षांच्या नावाचं, हे फार होते, बिल संस्थेच्या नावानं, जीएसटी नंबरसकट पक्कंच घ्या, कच्च्या चिठ्ठीवर यूसी होत नाही. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, सीएची सही लागते, आणि मार्चअखेरीला सीए फोन उचलत नाहीत, म्हणून फेब्रुवारीतच बिलं नेऊन द्या. फोटो काढताना तारीख आणि लोकेशन येणारं ॲप वापरा, खुर्च्या रिकाम्या नको, पोट्टे बसलेले पाहिजेत. लहान मुलांचे चेहरे असतील तर आईबापाला विचारून. आणि कंपनीच्या नावाची पाटी लावायच्या आधी मजकूर त्यांच्याकडून मेलवर मंजूर करून घ्या, लोगो चुकीचा छापला की पाटीचा खर्च परत तुमच्याच गळ्यात.