पहिला डीएसएलआर घेतलाय? आधी ऑटोवरनं उतरा बघू

लगेच मॅन्युअलच्या (सगळं आपणच ठरवायचं, त्या मोडच्या) मागं लागू नका, कॅमेऱ्यावरची मोड डायल आधी ए किंवा एव्हीवर (A / Av) ठेवा, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते तुम्ही ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा बघतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ किट लेन्स झूम करून ५५ वर, अ‍ॅपर्चर एफ ५.६, माणसाच्या जवळ जावा, मागची भिंत लांब असू दे, बॅकग्राउंड मस्त पुसट होतं.

शटर शिकायला पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातला गोकाकचा धबधबाच बेस्ट, डायल एस किंवा टीव्हीवर (S / Tv, इथं शटर तुम्ही ठरवायचं), १/१००० सेकंदाला उडालेला थेंब न थेंब गोठतो आणि ढगाळ संध्याकाळी ट्रायपॉडवर १/४ ला घटप्रभा नदीचं तेच तांबडं पाणी रेशमासारखं सरकतं.

बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ रात्री निघतात, तिथं फ्लॅश नकोच, लायटिंगचा सगळा रंग मारतो, लेन्स १८ वर, एफ ३.५, शटर १/१२५, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा, फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत, हललेल्या फोटोपेक्षा लाखपट बरे.