हायड्रिलाच्या पानात मायोसिनच्या कामाचा वेग कसा मोजावा

मायोसिन हे पेशीतलं ओझी ओढणारं प्रथिन. त्याचा रेणू कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, पण त्याने ओढलेलं पेशीद्रव दिसतं आणि त्याचा वेग मोजताही येतो. त्यासाठी तळ्यातलं किंवा मत्स्यालयाच्या दुकानातलं हायड्रिला, ही पाणवनस्पती, घ्या. कांद्याच्या पापुद्र्यातही प्रवाह असतो, पण तिथले कण बारीक आणि फिकट. हायड्रिलात हिरवी हरितलवकंच खुणेचं काम करतात. शिवाय पान दोनच पेशी जाड असल्याने छेद घ्यावा लागत नाही.

फांदी तळ्याच्याच पाण्यात, २५ ते २८ अंश सेल्सिअसला, अर्धा तास टेबल लॅम्पच्या उजेडात ठेवा. नळाचं पाणी वापरायचं तर ते दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. शेंड्याजवळचं पूर्ण उमललेलं पान बुडाशी तोडा, स्लाइडवर त्याच पाण्याच्या दोन थेंबांत ठेवा आणि कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळू सोडा. दाबू नका, चेपलेल्या पेशीत प्रवाह थांबतो. १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली मध्यशीर शोधून ४० पटीवर जा आणि शिरेलगतच्या लांबट पेशी बघा. काहीच हललं नाही तर घाईने पान बदलू नका. प्रवाह उजेडाने आणि इजेने चेततो, त्याला दहा-पंधरा मिनिटं द्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती हालचाल ओळखण्यात. कण जागच्या जागी थरथरत असतील तर ती ब्राउनियन गती; मेलेल्या पेशीतही ती चालते. अख्खं दृश्यच एका बाजूला सरकत असेल तर कव्हरस्लिपखालचं पाणी वाहतंय. खरा प्रवाह पेशीच्या भिंतीलगत गोल फिरतो: एका लांब भिंतीने वर, समोरच्या भिंतीने खाली. असं होतं कारण भिंतीलगतच्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जुड्यांना दिशा असते आणि मायोसिन-११ एटीपी खर्च करत त्यांच्या धन टोकाकडेच जातं, अंगाला बांधलेली अंगकं आणि भोवतीचं द्रव ओढत. सूक्ष्मनलिका या पेशीतल्या नळ्यांवरून चालणाऱ्या प्रथिनांपैकी कायनेसिनचा इथे संबंध नाही आणि सपुष्प वनस्पतींत डायनीन तर नसतंच.

आता मोजणी. स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापपट्टी कोरलेली स्लाइड, तिचा एक भाग १० मायक्रोमीटरचा असतो. तिचे १० भाग नेत्रिकेतल्या पट्टीच्या ४० भागांशी जुळले, तर पट्टीचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. ऑब्जेक्टिव्ह बदलला की हे पुन्हा करा. एकाच हरितलवकाला २० भाग, म्हणजे ५० मायक्रोमीटर, पार करायला लागलेला वेळ स्टॉपवॉचने घ्या. १० सेकंद लागले तर वेग सेकंदाला ५ मायक्रोमीटर. निदान तीन पेशींतली दहा हरितलवकं मोजा. वाटेत अडकलेली, पुंजक्यातली किंवा कोपऱ्यात वळणारी सोडून द्या. हरितलवक मोठं असल्याने मागे पडतं, त्यामुळे हा आकडा मायोसिनच्या स्वतःच्या वेगाहून कमीच येतो. कारा या शैवालात मात्र सेकंदाला ५० मायक्रोमीटरच्या वरचे वेग मिळतात.

दर तीन-चार मिनिटांनी कडेला पाण्याचा थेंब सोडा. दिवा जुना टंग्स्टनचा असेल तर मोजणीखेरीज बंद ठेवा, नाहीतर उष्णतेने वेग आधी वाढतो आणि मग पेशी मरते.

हे ॲक्टिनचंच काम आहे हे दाखवायला ॲक्टिनचे तंतू मोडणारं सायटोकॅलासिन-डी वापरा. डीएमएसओ या द्रावकातल्या १० मिलिमोलर साठ्यातले २ मायक्रोलिटर १ मिलिलिटर पाण्यात टाकले की २० मायक्रोमोलर द्रावण होतं. पान त्यात ३० ते ६० मिनिटं ठेवा. तुलनेसाठी दुसरं पान तेवढंच डीएमएसओ घातलेल्या, पण सायटोकॅलासिन नसलेल्या पाण्यात हवंच. द्रव्य विषारी आहे, हातमोजे घाला. सूक्ष्मनलिका मोडूनही प्रवाह चालू राहतो हे दाखवायचं तर त्या मोडणारं ओरिझॅलिन घ्या. त्याच कामाचं कोल्चिसिन नको, ते वनस्पतींच्या ट्युब्युलिनला, म्हणजे सूक्ष्मनलिकांच्या प्रथिनाला, नीट बांधत नाही. शेवटी सायटोकॅलासिनचं पान साध्या पाण्याने अनेकदा धुऊन ठेवा. प्रवाह परत आला तरच तो ॲक्टिन मोडल्याने थांबला होता असं मांडा. नाही आला तर पेशी मेली असण्याची शक्यता उरते, ते निरीक्षण तसंच वहीत नोंदवा, पुरावा म्हणून धरू नका आणि नवं पान घ्या.