बाळाच्या हातापायावरील जन्मजात आवळपट्टा: शस्त्रक्रिया केव्हा आणि कशी

गर्भजलाच्या पिशवीच्या आतल्या आवरणाचे धागे सुटून ते गर्भाच्या बोटाभोवती किंवा पोटरीभोवती गुंडाळले गेल्यास जन्मतःच तेथे गोल खाच, म्हणजेच आवळपट्टा, दिसते. या विकृतीचे हे सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. ती सहसा आनुवंशिक नसते आणि ग्रहणात भाजी चिरल्याने तर मुळीच होत नाही. त्यामुळे बाळंतिणीला दोष देणे आधी थांबवावे.

शस्त्रक्रियेची वेळ खाचेच्या खोलीवरून आणि तिच्या पुढच्या भागाच्या स्थितीवरून ठरते. खाच उथळ असून पुढची बोटे गुलाबी, उबदार आणि हलती असतील, तर घाई करण्याचे कारण नाही. काही मुलांना शस्त्रक्रिया लागतही नाही. मात्र पुढचा भाग निळा, पांढराफटक किंवा थंड पडला असेल, अथवा सूज वाढत असेल, तर त्याच दिवशी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या मोठ्या रुग्णालयात जावे. तेलमालीश करून खाच सैल होत नाही, आणि त्या हातापायात काळा दोरा किंवा वाळे घालू नयेत.

बोटांची टोके एकमेकांना चिकटलेली असतील तर ती पहिल्या वर्षातच, बहुधा सुरुवातीच्या काही महिन्यांत, सुटी करतात, कारण कमी-जास्त लांबीची बोटे जोडलेलीच वाढली तर ती वाकडी होतात. सोबत पाऊल आत वळलेले असल्यास पोन्सेटी पद्धतीचे, म्हणजे पाऊल हळूहळू सरळ करत पुन्हा पुन्हा बदलायचे, प्लास्टर घालावे लागते. पण वरचा पट्टा खोल असेल तर शक्यतो तो आधी सोडवावा, कारण सुजणाऱ्या पायावर प्लास्टर घट्ट बसण्याचा धोका असतो.

पूर्ण भूल देऊन शल्यविशारद पट्टा नुसता कापत नाहीत, तर त्वचेखालच्या घट्ट तंतूंसह तो काढून टाकतात आणि खालच्या रक्तवाहिन्या व नसा (मज्जातंतू) जपतात. जखम सरळ गोल शिवली तर व्रण आकसून पुन्हा आवळू शकतो, म्हणून त्वचेचे त्रिकोणी तुकडे अदलाबदल करून नागमोडी टाके घालतात, हीच झेड-प्लास्टी. फुगलेली चरबी खाचेत सरकवून उंचसखलपणा भरतात. पूर्वी अर्धा घेर आधी आणि उरलेला काही आठवड्यांनी सोडवत. आता अनेक ठिकाणी संपूर्ण घेर एकाच वेळी सोडवला जातो. आपल्या बाळासाठी यांपैकी कोणता मार्ग निवडला आणि का, हे शल्यविशारदांना अवश्य विचारावे.

घरी आल्यावर हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. ड्रेसिंगबाहेरच्या बोटांचा रंग वारंवार पाहावा: नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग साधारण 2 सेकंदांत परतायला हवा. तो परतला नाही, ताप आला किंवा ड्रेसिंगला दुर्गंधी येऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. जुनी सूज ओसरायला कित्येक महिने लागू शकतात; दबलेली नस मात्र प्रत्येक वेळी पूर्ववत होतेच असे नाही. मूल वाढताना व्रण ताणला जातो, त्यामुळे वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक अंतराने तपासणी चालू ठेवावी लागते.