पहिल्याच मीटिंगला काम वाटून घेऊ नका

जर्मनीत मॅनेजमेंटच्या मास्टर्सला येणार असाल, तर एपीएस (आपल्या पदव्यांची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. मला ग्रुप वर्कबद्दल सांगायचंय, कारण माझं पहिलं सेमिस्टर तिथंच अडकलं.

गटात एक जर्मन मुलगी, तुर्की घरातला पण इथेच वाढलेला एक मित्र, एक चिनी मुलगी, एक नायजेरियन मुलगा आणि मी. विषय वॉलमार्टचा. अमेरिकेतली सुपरमार्केटची एवढी मोठी कंपनी १९९७ च्या शेवटी जर्मनीत आली आणि २००६ मध्ये दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून निघून गेली. का, ते शोधायचं होतं.

पहिल्याच बैठकीत कामं वाटली गेली. मी भारतीय, म्हणून एक्सेल माझ्याकडे. चिनी मुलीकडे स्लाइड्स. नायजेरियन मुलाचं इंग्रजी फर्डं, म्हणून बोलणं त्याच्याकडे. तुर्की मित्राला संदर्भयादी. सगळ्यांना हायसं वाटलं.

सापळा हाच आहे. अशा वाटणीत ज्याच्या देशाबद्दल बाकीचे जे आधीच धरून बसलेत, तेच काम त्याच्या वाट्याला येतं. मग भेटायचं ते फक्त "झालं का तुझं?" विचारायला. कुणी कुणाचा भाग वाचत नाही, म्हणून वाद होत नाहीत. आणि वाद नाहीत म्हणून गट उत्तम चाललाय असं वाटत राहतं. आमचा पहिला मसुदा परत आला, तेव्हा कॅन्टीनच्या रांगेत तुर्की मित्र सहज बोलला. त्याची आई सुपरमार्केटच्या काउंटरवर काम करायची. इथलं गिऱ्हाईक आपलं सामान आपणच भरतं, दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपत नाही, आणि वॉलमार्टनं तर पिशव्या भरून द्यायला माणसं ठेवली होती! २००५ मध्ये वुपर्टालच्या कामगार न्यायालयानं कंपनीच्या आचारसंहितेतले काही नियम फेटाळले. सहकाऱ्यांच्या प्रेमसंबंधांवरचा नियमही त्यात होता. कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या कर्मचारी परिषदेला अशा नियमांबाबत इथं किती अधिकार असतो, ते जर्मन मुलीनं पाच मिनिटांत समजावलं. हे सगळं गटातच होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

सीनियर लोक जुन्या पीपीटी पाठवतात, "आपल्याच लोकांचा गट धर" म्हणतात. ऐकू नका. देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे संशोधक हॉफस्टेड यांचे आकडे पाठ करून माणसं ओळखायला जाऊ नका. ते आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीतून काढलेले देशांचे सरासरी गुण आहेत. समोर बसलेल्या मुलीबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

आणि घाबरू नका, खरंच. जर्मन सहाध्यायी तोंडावर "हे चुकलंय" म्हणतात, पण बोलणं कामाबद्दल असतं. लगेच कॉफीलाही बोलावतात. गप्प बसणाऱ्यांसाठी एक उपाय आमच्या गटाला लागू पडला: बैठकीआधी प्रत्येकानं सामायिक फाइलमध्ये आपलं मत लिहायचं, मगच बोलायचं. चिनी मुलीचे सगळ्यात नेमके मुद्दे असेच पुढे आले. भेटीची जागा दर वेळी बिअरची नको, आणि रमजानमध्ये वेळ ठरवताना आधी विचारा.

काम वाटायचंच, पण कच्चा मसुदा सगळ्यांनी मिळून वाचल्यावर. परीक्षेच्या नियमांत प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखू यावा अशी अट सहसा असते, म्हणून कुठला भाग कुणी लिहिला हे तेव्हाच नोंदवून ठेवा.